आधी कोण, मग कुठं

तिचं कौतुक करणारं कोणी भेटलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. आणि भेटतात, बापा, सारखे भेटतात. परवा नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारात मी मेथी पाहत होते, तर एक उंचापुरा माणूस आला आणि पिशवी खाली ठेवून वाकून नमस्कार केला. आमचा जुना विद्यार्थी. आता मोठ्या कंपनीत आहे, पोट सुटलंय, सोबत बायको. मला वाटलं, चला, कोणाला तरी आपली आठवण आहे. तर बायकोला ओळख करून देताना म्हणतो कसा, "ह्या आमच्या कॉलेजच्या मॅडम. अन् मॅडम, त्या मॅडम कुठं असतात हो आता?"

त्या मॅडम! अरे, तू ए सेक्शनचा. तुला कॉम्प्युटर नेटवर्क मी शिकवलं. ती बी सेक्शनला शिकवायची. तुझ्या वर्गात तिनं कधी पाऊल टाकलं नाही, तरी तुला आठवण तिचीच? मी म्हटलं, "माहीत नाही," आणि मेथीची जुडी अशी आवळून धरली की भाजीवाली म्हणाली, "बाई, मोडंल नं ते!"

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी एकदमच लागलो. विषय एकच, सेक्शन दोन. मी वक्तशीर, वहीच्या पानासारखी स्वच्छ. माझ्या नोट्स इतर कॉलेजांची पोरं झेरॉक्स करून न्यायची. आणि ती? केसांत पेन खोचलेला, पायांत दोन वेगळ्या जोडांतल्या चपला, आणि तास सुरू झाल्यावर शिपाई कॉलेजभर शोधत फिरायचा, "मॅडमले पाह्यलं का जी?" स्टाफरूममध्ये प्रत्येकाचं टेबल ठरलेलं, टेबलावर नावाची पाटी. तिनं तिची पाटी पहिल्याच आठवड्यात काढून कूलरच्या पायाखाली घातली. कूलर डुगडुगायचा म्हणून. विभागप्रमुख सर रागावले तर म्हणाली, "सर, पाटी दाराले असते, माणसाले नसते."

तिला फोन केला आणि सवयीनं विचारलं, "कुठं आहेस वं?" की ती फोन ठेवून द्यायची. पुन्हा केला की म्हणायची, "पहिले मी कोण ते पाह्य, मंग कुठं ते इचार. आधी कोण, मग कुठं." हे तिचं पालुपद होतं. आपल्याकडे फोन उचलला की पहिला प्रश्न 'कुठं आहेस' हाच, त्याला ती 'देशाची खोड' म्हणायची. आणि तीच खोड इंटरनेटलाही आहे, असं तिचं म्हणणं.

ते म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. तुमचा फोन घरच्या वायफायवर असला तर एक पत्ता, फाटकाबाहेर पडून मोबाइलच्या डेटावर गेला की दुसरा. इथवर ठीक. पण पलीकडचं यंत्र तुम्हाला ओळखतं तेही ह्याच पत्त्यावरून. म्हणजे पत्ता बदलला, की त्याच्या लेखी तुम्ही परके. बोलता बोलता मधेच तुटतं ते ह्याच्यामुळेच. खूप वर्षांपासून जगातली शहाणी माणसं म्हणून राहिली आहेत की ही दोन कामं वेगळी करा. यंत्राला त्याची स्वतःची कायमची ओळख द्या, एका गुप्त किल्लीवर ठरलेली, आणि पत्ता नुसता सामान पोचवण्यापुरता ठेवा, बदलला तर बदलला. मी हे सगळं व्यवस्थित मुद्दे पाडून शिकवायचे. वर्ग उतरवून घ्यायचा. कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे.

तिनं काय केलं, ऐका. एका दुपारी आपला वर्ग लॅबमध्ये बसवला, स्पीकर लावला, आणि स्वतः दोन फोन घेऊन कॉलेजच्या बसमध्ये चढली. एका फोनवर साधा इंटरनेटवरचा कॉल, दुसऱ्यावर तिनं स्वतः बनवलेला प्रोग्राम, ज्यात ओळख वेगळी आणि पत्ता वेगळा. बस फाटकाबाहेर पडली, वायफाय सुटलं, आणि साधा कॉल जागेवर तुटला. दुसरा मात्र चालूच. मग काय! बाई हिंगण्यापासून शहरापर्यंत रनिंग कॉमेंट्री करत गेल्या. कंडक्टरशी भांडण, सिग्नलवरच्या म्हशी, सगळं लॅबमध्ये ऐकू येत होतं. सक्करदऱ्याच्या तलावापाशी उतरली आणि कोथिंबिरीच्या वड्यांच्या ठेल्यावर म्हणाली, "भाऊ, सांबारवडी दे, अन् कढी जास्तीची टाक, माहे चाळीस-पन्नास पोट्टे ऐकून राहिले." लॅबमध्ये जो हशा पिकला!

मी शेजारच्याच वर्गात होते. तोच धडा, तोच मुद्दा. भिंतीपलीकडून हसण्याचा लोंढा येत होता आणि माझी पोरं फळ्याकडे तोंड करून कान भिंतीला लावून बसली होती. मी खडू ठेवला आणि खिडकी लावून घेतली. नागपूरची मार्चची दुपार, वर्गाची भट्टी झाली. पण उघडली नाही मी.

एकदा माझ्याच चिकट पट्ट्यांवर तिनं घाला घातला. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर मी त्याचा पत्ता छापून, लॅमिनेशन करून चिकटवला होता. रविवार घालवला होता त्यात. तिनं सगळ्या पट्ट्या उपटल्या आणि खडूनं नावं लिहिली, शेवंता, अनुसया, रुखमा, सगळ्या तिच्या आत्या-मावश्या. मी भांडायला गेले तर म्हणते, "अवं, कॉम्प्युटर या खोलीतून त्या खोलीत नेला का तुही पट्टी खोटी पडते. माही अनुसया कुठंबी ठेव, अनुसयाच हाय." लॅबचे काकाही बाटले. मला येऊन सांगायचे, "मॅडम, रुखमाचा माउस गेला जी."

घरी तरी सुटका असावी? एका रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली. पाटोडीचा रस्सा केला होता. सासूबाई हॉलमध्ये तिच्यासमोर बसल्या आणि आमच्याकडे पाहुण्याला विचारतात तोच प्रश्न विचारला, "कुठं राहता तुम्ही?"

"सध्या तुमच्या सोफ्यावर, आई."

"तसं नव्हे. घर कुठल्या भागात?"

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "आई, मी कोण ते पायजे असंल तं सरळ इचारा नं. पत्त्यावरून काहून काढून राहिल्या?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी. मग तिनंच सगळं सांगितलं, आपलं आडनाव, वस्ती, आजोबांनी दीक्षा घेतली ते, वडील गिरणीत होते ते. अगदी सहज, कोणी प्रवासात शेजारच्याला सांगावं तसं. आणि शेवटी म्हणाली, "आता पाटोडी वाढाल का? वास येऊन राहिला मघापासून." सासूबाई उठल्या आणि स्वतःच्या हातानं वाढलं. दोनदा आग्रह केला.

तिला सोडायला खाली गेले तेव्हा जिन्यात ती म्हणाली, "माह्या बाबाले लोक वस्ती इचारत. बाबा सांगत. मंग पुढचं कोणी काही इचारतच नव्हतं." एवढंच बोलली आणि स्कूटीला किक मारली. तिचा तो पत्त्याचा धोशा कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं. कळलं, वाईटही वाटलं, आणि तरी वर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो, पुन्हा बोलाव," तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी ह्या घरात रांधते, मला कधी कोणी हुशार म्हटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. एका उन्हाळ्यात स्टाफरूमचे कूलर सुरू झाले आणि माझं टेबल नेमकं त्याच्या तोंडाशी. मला सर्दीचा त्रास. नाक वाहायचं, कागद उडायचे. तिचं टेबल कोपऱ्यात, कोरडं. मी विचारलं, "जागा बदलतेस का उन्हाळ्यापुरती?" ती लगेच उठली. "घे बापा. मले काय, मी कुठंबी बसली तं मीच." आम्ही आपापले डबे, पेनड्राइव्ह, पुस्तकं उचलली. टेबलावरचे कॉम्प्युटर कॉलेजचे, ते जागच्या जागी राहिले.

त्याच दिवसांत सरांनी नवीन पद्धत आणली. विद्यार्थी आपल्या शिक्षकाबद्दल कॉम्प्युटरवर लिहिणार, नाव न देता, आणि आपल्याबद्दलचं आपल्यालाच वाचायला मिळणार. पासवर्डची भानगड नको, कारण आमच्याकडे सगळे पासवर्ड विसरतात. "आपापल्या टेबलावर बसा, पान उघडा, आपोआप तुमचंच दिसेल," सर म्हणाले. गोपनीय म्हणून पानावर शिक्षकाचं नाव नाही, सेक्शन नाही. फक्त विषय.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून भीत भीत पान उघडलं.

काय सांगू! "मॅडमचा तास संपूच नये वाटते." "पहिल्यांदाच समजलं की आपण हे का शिकून राहिलो." "मॅडम आमच्याशी माणसासारख्या बोलतात." मी पुन्हा वाचलं. उठून पाणी प्याले, पुन्हा वाचलं. एकानं लिहिलं होतं, "मॅडमची उदाहरणं जन्मात विसरणार नाही." मला क्षणभर शंका आली, कोणतं उदाहरण? मग आठवलं, मागे एकदा मी डब्याचं उदाहरण दिलं होतं. तेच असणार. माणसाला हवं असलं की आठवतं बरोबर.

त्या संध्याकाळी मी कणीक भिजवता भिजवता गुणगुणत होते. नवरा म्हणाला, "काय झालं वं आज?" मी म्हटलं, "काही नाही," आणि त्याच्यासाठी शिरा केला.

दुसऱ्या दिवसापासून मी बदलले. ज्यांना आपण इतक्या आवडतो, त्यांच्यासमोर कशाला घाबरायचं? स्लाइड बंद ठेवल्या. बाकावर टेकून बोलले. एक विनोद केला, पडला, दुसरा केला. पोरं आधी गोंधळली, मग एक मुलगी हसली, मग दोघं-तिघं. तास संपल्यावर दोन मुली टेबलापाशी रेंगाळल्या. माझ्यापाशी! मी पायऱ्या उतरत नव्हते, तरंगत होते.

आणि ती मात्र मिटत चालली. तासाला वेळेवर जाऊ लागली. एके दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुह्या नोट्स देतं का वं मले?" आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं. मी दिल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. मग तिनं स्लाइड केल्या. केसांतला पेन खिशात गेला. एक दिवस पाहते तर कूलरखालची पाटी पुसून तिनं टेबलावर ठेवलेली. कूलर पुन्हा डुगडुगायला लागला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "पोट्ट्याईले माही भीती वाटते म्हणे. मी नुसती वाचून दाखवतो म्हणे. असंल बापा. आपल्याले आपलं कुठं दिसते." मी मनात म्हटलं, बरं झालं, कळू दे जरा. आमचंही कधी तरी दिसू दे लोकांना.

सेमिस्टर संपता संपता पुन्हा तेच पान उघडायचं होतं. ह्या वेळी मी पदर खोचून, चहा घेऊन बसले. आता तर आणखी चांगलं असणार, मी इतकी फुलले होते. पान उघडलं.

"मॅडमला काय झालं?" "मॅडम पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत." "स्लाइड नको, आमच्या पहिल्या मॅडम परत द्या."

स्लाइड तर मी कधीच बंद केल्या होत्या, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पहिल्यासारखी? म्हणजे मी हसले, मोकळी झाले, ते ह्यांना नको होतं? जन्मभर खालमानेनं नोट्स वाचल्या त्याच बऱ्या होत्या? इतक्यात कूलरच्या बाजूनं अशी किंकाळी आली की सर केबिनमधून बाहेर धावले.

"अवं माय! अवं, इकडं ये! हे माहं नोहे! मी आयुष्यात कशाले लॅमिनेशन केलं का?"

ती माझा हात धरून ओढत तिच्या टेबलापाशी, म्हणजे माझ्या जुन्या टेबलापाशी, घेऊन गेली. एका क्षणात तिला सगळं कळलं होतं, आणि ती सांगत सुटली, सरांना, शिपायाला, चहावाल्याला. पान माणसाला ओळखतच नव्हतं. ते टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता पाहत होतं. आम्ही खुर्च्या बदलल्या आणि अख्खं सेमिस्टर तिचं कौतुक मी वाचलं, माझ्यावरचे टोमणे तिनं. "आम्ही दोघी, सर! नेटवर्क शिकवणाऱ्या! मी, मी जन्मभर बोंबलून राहिली, पत्ता म्हणजे माणूस नोहे, अन् पाह्य, मीच टेबलाले माणूस समजली!" ती इतकी हसली की खाली बसली. पाटी उचलली आणि पुन्हा कूलरखाली सारली.

मी रडत होते.

तिला ते जरा उशिरा दिसलं. "काहून वं? आता तं खुश व्हायले पायजे."

"ते माझं नव्हतं," मी म्हटलं. "ते सगळं तुझं होतं. तास संपू नये, माणसासारख्या बोलतात, सगळं तुझं. मला वाटलं, मी आवडते पोरांना. तुला काय कळणार, तुला तर रोजच मिळतं." स्टाफरूम ऐकत होती. ऐकू दे म्हटलं.

तिनं खुर्ची ओढली, मला दंडाला धरून बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे वाच. हे तुहं हाय. मी चुकून वाचलं, माफ कर."

मी डोळे पुसून वाचलं. कोणीतरी लिहिलं होतं, "आधी मॅडमच्या नोट्सवरच नाही, चेहऱ्यावर पण लॅमिनेशन होतं. आता निघालं. आता तास आवडतो." ह्या वेळी माझं. खरोखर माझं. मग शेवटची ओळ वाचली. "आता ह्या मॅडमपण बी सेक्शनच्या मॅडमसारख्या वाटतात."

घ्या! आयुष्यातलं पहिलं खरं कौतुक मिळालं, तर तेही तिच्या मापानं मोजून.

पुढच्या वर्षीपासून तिनं बसची वारी बंद केली आणि वर्गात आमच्या टेबलांची गोष्ट सांगायला लागली. माझं रडणंही सांगायची, पण नाव न घेता. पोरं हसून लोळायची. मग कधीतरी तिनं कॉलेज सोडलं. निरोपसमारंभ ठेवला होता, बाईंना कोणी शोधू शकलं नाही. अधूनमधून अनोळखी नंबरवरून फोन येतो. ती कुठं आहे ते सांगत नाही, मी विचारत नाही. "वळखलं का?" एवढंच म्हणते. ओळखते तर काय, तो आवाज मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलाय.

आता दोन्ही सेक्शन माझ्याकडे आहेत. पत्ता आणि ओळख वेगळी कशी ठेवायची, तो धडा आला की मी कूलरची, दोन टेबलांची, दोन भैताड, बावळट बायांची गोष्ट सांगते. वर्ग पोट धरून हसतो. माझ्या तासाला आता शेजारच्या वर्गाला खिडकी लावून घ्यावी लागते, खरंच सांगते. आणि दर वर्षी कोणी ना कोणी पोट्टं विचारतंच, "मॅडम, इतकं भारी उदाहरण तुम्हाला कुठून सुचलं?"

फार फार वाटतं, म्हणावं, असंच सुचलं. ती कुठं आहे देव जाणे, तिला कळणारही नाही. तोंड उघडते, आणि तोंडातून निघतं, "कुठून नाही रे. आधी कोण ते विचार."

मग काय, तिचं नाव सांगावंच लागतं.